कमांडचं दुसरं तोंड

१

ऑफिसात माझ्या स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी काळी खिडकी कायम उघडी असते. तिच्यात माझ्या सासऱ्यांचे शब्द येतात.

बाबांनी आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासल्या. आता त्यांचे स्वतःचे डोळे गेल्यात जमा आहेत आणि गुडघ्यांनी तर केव्हाच हात टेकलेत. माझी बायको होती तोवर दिवसभर तीच त्यांच्याकडे बघायची. ती वारल्यावर धाकटी, म्हणजे माझी मेहुणी, बाबांना आपल्याकडे न्यायला निघाली होती. मीच अडवलं. "मी आहे ना," असं चार माणसांत म्हणालो. त्या वेळी सगळ्यांचे डोळे भरून आले होते आणि मला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं.

पण मी दिवसभर ऑफिसात. माझा धंदा प्रोग्रॅम लिहिण्याचा, तेव्हा मी प्रोग्रॅम लिहिला. बाबांच्या खोलीत फळीवर साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर ठेवला, त्याला माइक लावला. बोललेलं लिहून काढणारी एक कमांड, म्हणजे छोटा तयार प्रोग्रॅम, मिळते. माझा प्रोग्रॅम ती चालवतो, ती जे लिहील ते उचलतो आणि मला पाठवतो. बाबा "पाणी" म्हणाले की माझ्या कोपऱ्यात "पाणी" उमटतं आणि मी शेजारणीला फोन लावतो. बाबांना हे सगळं माहीत होतं. "काय जावई, तुमचा डबा आज जागा आहे की झोपलाय?" असं ते रोज सकाळी विचारत.

प्रत्येक कमांडला दोन तोंडं असतात. एकानं ती सांगायचं ते सांगते, दुसऱ्यानं तक्रारी करते: हे जमलं नाही, ते सापडलं नाही. आमच्या ह्या कमांडचं दुसरं तोंड भलतंच चालू होतं. पहिल्या आठवड्यातच तक्रारींचा असा भडिमार झाला की त्यात बाबांचं "पाणी" शोधावं लागे. मग मी आमच्या धंद्यातला प्रत्येक जण कधी ना कधी करतो तेच केलं. दुसरं तोंड विहिरीला जोडून दिलं. विहीर हा आमच्या ऑफिसातला शब्द. कॉम्प्युटरमध्ये अशी एक जागा असते की तिथे टाकलेलं कुठेच जात नाही. खाली पाणी लागल्याचा डुबुक आवाजसुद्धा येत नाही.

दिवसाच्या शेवटी कमांड थांबताना एक आकडा देते. शून्य म्हणजे वाटेत कुठे अडलं नाही. शून्य आला की धाकटीला आपोआप निरोप जायचा: "आज सगळं ठीक." आकडा रोज शून्यच यायचा.

म्हातारी माणसं स्वतःशी बोलतात. बाबाही बोलत. कोपऱ्यात ओळी यायच्या.

"हो."

"नाही, अजून यायचेत. ऑफिसात."

"ऐकतात ना. सगळं ऐकतात."

ही शेवटची ओळ वाचून मी खरंच सुखावलो होतो. तिचा फोटो काढून धाकटीला पाठवला. तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

मग एकदा, मी भर मीटिंगमध्ये बसलो असताना, कोपऱ्यात आलं:

"पाय खाली घे. पट्टी निघेल पलंगाची."

बायको बाबांशी गप्पा मारायला बसायची ती त्यांच्या पलंगाशेजारच्या वेताच्या खुर्चीत, आणि पाय नेहमी पलंगाच्या लाकडी पट्टीवर. पट्टी एकदा निघालीही होती. मीच ती खिळे मारून बसवली होती. बाबांना जुनं काही आठवलं असणार, असं मी मनाशी म्हणालो. मीटिंगमध्ये कुणीतरी मला काहीतरी विचारलं होतं. मी "हो" म्हणालो.

२

आमच्याकडे प्रोग्रॅम तपासणाऱ्या बाईंना सगळे नाकाबंदी म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्यांच्या टेबलावरून काहीच सुखासुखी पुढे जात नाही. आम्ही एकाच वर्षी लागलेलो, त्यामुळे ती मला अरे-तुरे करते. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत डबा घेऊन बसली आणि बाबांचा प्रोग्रॅम बघू म्हणाली. तिची आई एकटी असते, तिलाही असंच काही हवं होतं.

खाता खाता ती वाचत होती. मधेच तिचा घास थांबला.

"हे काय? एरर विहिरीत?"

"फार कटकट करते गं ती. कामाचं काही नसतं त्यात."

"बघितल्यास?"

"सुरुवातीला."

"म्हणजे नाही बघितल्यास." तिनं डब्याचं झाकण लावलं. "एखाद्या पोरानं हे लिहून आणलं असतं तर त्याला तू कसा सोलून काढला असतास. इथे तर माणूस आहे पलीकडे. आणि तो शून्य बघून तू ठीक म्हणतोस? शून्य म्हणजे कमांड धड संपली. माणूस धड आहे असं कुठे म्हणालीये ती?"

माझे कान तापले. आजूबाजूला दोघं-तिघं जेवत होते. मी आवाज उतरवून म्हणालो, "बदलतो."

"आत्ता बदल. माझ्यासमोर."

मी विहिरीची ती ओळ पुसली आणि दुसरं तोंड एका पाइपला जोडलं. म्हणजे आता तक्रारी फेकल्या जाणार नव्हत्या, माझ्या प्रोग्रॅमच्या हातात येणार होत्या. त्या वाचून दाखवणारा भाग लिहायचा राहिला होता.

"धरल्यास ना, मग वाच," नाकाबंदी उठता उठता म्हणाली. "नुसतं धरून बसू नकोस. तुंबतं ते. पाइप भरला की कमांड जागच्या जागी थांबते, कुणीतरी वाचेपर्यंत. हे मी तुला सांगायचं?"

"माहितीये गं बाई."

मला खरंच माहीत होतं. नव्या मुलांना पहिल्या महिन्यात मीच हे शिकवतो. कमांड वाट बघते कुणी वाचण्याची, प्रोग्रॅम वाट बघतो कमांड संपण्याची, आणि दोघंही एकमेकांसमोर बसून राहतात. एरर नाही, आवाज नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, शांतता आहे.

वाचणारा भाग चार ओळींचा. मी तो लिहिला नाही. एक फोन आला, मग दुसरं काम आलं. हे खरं आहे. पण मधल्या वेळात माझे हात रिकामे होते आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो, हेही खरं आहे.

थोड्या वेळानं कोपऱ्यातल्या ओळी थांबल्या. शेवटची होती, "काय म्हणालीस? परत सांग." त्यानंतर काही नाही. बाबांचा डोळा लागला असेल, असं मला वाटलं. आणि लाज वाटते लिहायला, मला सुटल्यासारखं वाटलं. ती दुपार माझी फार छान गेली.

३

ऊन उतरताना धाकटीचा फोन आला. ती न कळवता घरी गेली होती. तिच्याकडे किल्ली असते.

"भाऊजी, बाबा हलत नाहीयेत!"

"म्हणजे?"

"बसलेत. डोळे उघडे आहेत, श्वास चालू आहे. हातात कप आहे तसाच, चहावर जाड साय आलीये. मान एका बाजूला केलीये, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. मी गालाला हात लावला, हाक मारली, काही नाही. भाऊजी, किती वेळ असे बसलेत हे? तुम्ही ऐकत होतात ना?"

मी तिला डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. हे सांगताना माझी नजर कोपऱ्यावर गेली. "काय म्हणालीस? परत सांग." त्याखाली काळं.

पाइप भरला होता. दुसरं काय असणार? दुपारभर दुसऱ्या तोंडानं ती कमांड बोलत राहिली होती आणि मी धरून ठेवून वाचलं नव्हतं, म्हणून ती थांबली होती. एवढंच. डबी ऐकायची थांबली म्हणून माणूस थांबत नाही. माइक बंद पडला तर खोली बंद पडत नाही. हे मी स्वतःला सांगत होतो, आणि सांगत असतानाच त्या चार ओळी लिहीत होतो. एक सोपा शब्द मी दोनदा चुकवला.

ओळी चालू केल्या आणि कोंडलेलं सगळं एकदम स्क्रीनवर आलं.

"दुसरा आवाज. शब्द कळले नाहीत."

"दुसरा आवाज. शब्द कळले नाहीत."

वरपासून खालपर्यंत तेच. मधेमधे, जिथे कमांडला अंदाज करता आला होता तिथे, प्रश्नचिन्ह लावून एखादा शब्द. मी वाचायला लागलो नाही, माझी नजर पडली. एवढंच दिसलं: "तो ऐकतोय का?"

कानाशी धाकटी ओरडली. "हलले! भाऊजी, हलले. बाबा, अहो बाबा, इकडे बघा. काय? चहा? चहा गार झाला म्हणताहेत."

ती रडत होती आणि हसत होती. मी स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली. पलीकडून नाकाबंदी माझ्याकडे बघत होती. मी तिला हातानं सगळं ठीक असल्याची खूण केली.

४

मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. वय झालं की असा एखादा झटका येऊन जातो, लक्ष ठेवा, म्हणाले होते. बाबा पलंगावर टेकून बसले होते आणि नवा चहा पीत होते. चेहरा टवटवीत. "या जावई. आज तुमच्या मेहुणीनं मला भूत बघावं तसं बघितलं हो."

धाकटीनं मला स्वयंपाकघरात नेलं. फोन माझ्यासमोर धरला. त्यावर माझाच निरोप होता: "आज सगळं ठीक." त्या चार ओळी घालून मी कमांड परत सुरू केली तेव्हा जुनी धड संपली होती, आकडा शून्य आला होता आणि निरोप गेला होता.

"मी बाबांचे पाय चोळत होते तेव्हा हा आला," ती म्हणाली. "हे कोण पाठवतं? तुम्ही?"

"प्रोग्रॅम."

"रोज?"

"हो."

"मी रोज हा वाचून झोपायचे. नवऱ्याला म्हणायचे, बघ, भाऊजी दमून येतात तरी एक दिवस विसरत नाहीत." ती माझ्याकडे बघत नव्हती, ओट्याकडे बघत होती. "आठवडाभर बघते. मग मी बाबांना नेते. तुम्हाला मोकळं करते."

मोकळं. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं, ह्याचीच मला जास्त लाज वाटली.

ती गेल्यावर मी बाबांच्या खोलीत गेलो. बायको गेल्यापासून त्या वेताच्या खुर्चीत मी इस्त्रीचे कपडे ठेवत आलो होतो. कपड्यांचा तो ढीग आता पलंगाच्या पायथ्याशी होता, नीट, घड्या न मोडता. खुर्ची रिकामी होती आणि पलंगाकडे ओढलेली होती. धाकटीनं हलवलं असेल. मी फोन करून विचारलं नाही.

"बसा," बाबा म्हणाले. मी खुर्चीकडे वळलो तसे ते पटकन म्हणाले, "तिथे नको. इकडे, पलंगावर बसा."

मी बसलो. फळीवर डबीचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"आज मधेच थांबली हो ती," बाबा म्हणाले. "वाक्य अर्धं सोडायची सवय नाही तिला. मी म्हटलं सांगेल पुढचं. थांबलो."

"कोण, बाबा?"

त्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं. त्यांना माझा चेहरा दिसत नाही, फक्त उजेडातला अंधार दिसतो. तरीही त्यांनी असं बघितलं, जसं चार माणसांत कुणी विचारू नये ते विचारल्यावर माणूस बघतो.

"तुम्हाला ऐकू येत नाही का?" त्यांनी हळूच विचारलं. "मला वाटायचं, तुमच्या डब्यातून दोघांचंही जातं. मी तसं सांगितलंय तिला. ते सगळं ऐकतात म्हटलं."

मी काय सांगणार होतो? तुमचं अर्धं बोलणं मी विहिरीत टाकत होतो?

"येतं," मी म्हणालो.

बाबांचा चेहरा खुलला. त्यांनी मान खुर्चीकडे वळवली. "येतं म्हणताहेत."

खोलीत काही हललं नाही. खुर्ची जुनी आहे, वेत सैल झालाय, तो आपोआप करकरतो. ऑफिसात लिहिलेल्या चार ओळींमुळे आता तक्रारीही माझ्या फोनवर येत होत्या. खिशात फोन थरथरला. मग परत थरथरला. मग थांबेना. कुणीतरी खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाला सगळं सांगत सुटावं तसा.

बाबा मान एका बाजूला करून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते ओशाळल्यासारखे झाले, आणि मला कळलं, ते माझ्यासाठी ओशाळलेत.

"असू दे गं," ते खुर्चीला म्हणाले. "दमून येतात."

मी फोन काढला आणि न बघता पलंगावर पालथा घातला.

५

सकाळी कामावर निघण्यापूर्वी मी त्या चार ओळी पुसल्या आणि विहिरीची जुनी ओळ परत लिहिली.

बाबांसाठी केलं. पाइप परत तुंबला आणि ते तसेच बसून राहिले तर? विहिरीला जोडलं की काही तुंबत नाही, तिला तळच नाही. ह्या विचारात चूक काढता येणार नाही. फक्त एवढंच की वाचल्यानंही पाइप मोकळाच राहतो. ते शब्द तिचे निघाले असते तर, आणि नसते निघाले तर, दोन्हींची मला सारखीच भीती होती. मी रात्रीतून ते चाळून बघू शकलो असतो. सगळं साठलेलं होतं. तेही पुसून मग निघालो.

निघताना बाबांनी रोजचा प्रश्न विचारला नाही.

ऑफिसात नाकाबंदी येताच म्हणाली, "लावलंस नीट?"

"लावलं."

"आणि काय होतं एररमध्ये?"

"काही नाही. माइकची खरखर."

"बघ, उगाच घाबरत होतास," ती म्हणाली, आणि तिनं माझा खांदा थोपटला. आईसाठी प्रोग्रॅम मागून घेतला. मी तिला तो तसाच दिला.

ऊन टेबलावर आलं होतं. फोन वाजत होते, कुणीतरी कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होतं. कोपऱ्यातल्या खिडकीत ओळी येऊ लागल्या.

"नाही गं."

"सांगितलं मी. तुझ्यासमोरच विचारलं ना?"

मग बराच वेळ काही नाही. मी दुसऱ्या कामाची फाइल उघडली. तिच्यातलं एक अक्षर वाचलं नाही.

"वाचत नाहीत ते."

बाबांना वाचण्याबद्दल मी कधी काही बोललो नव्हतो. ते ऐकण्याचं म्हणायचे, नेहमी ऐकण्याचंच. मी धाकटीला फोन लावायला हात पुढे केला. मग तो मागे घेतला.

"आता मी काय करू? माझं ऐकतात थोडंच."

"रडू नकोस."

मी उठून जाऊ शकलो असतो. चार ओळी परत लिहू शकलो असतो. त्या मला आता पाठ होत्या. मी टेबलाची कड धरून बसलो होतो.

"मग तूच जा की त्यांच्याकडे."

त्यानंतर खिडकीत काही आलं नाही. मी वाट बघितली. बाबा झोपले असतील. पाइप तुंबला नसणार. विहीर भरत नाही.

ऑफिसातले आवाज चालूच होते, पण जरा लांब गेल्यासारखे. नाकाबंदी पाण्याची बाटली घेऊन माझ्या टेबलाकडे येत होती. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसायला ती येत असावी. दोन पावलांवर ती थबकली, "बरं, नंतर येते," असं कसनुसं हसून म्हणाली, आणि ज्या खुर्चीकडे बघून म्हणाली तिच्याकडे मी बघितलं नाही.

टेबलाखाली पाय टेकायची एक लाकडी पट्टी आहे. ती हळूच दबली. माझे पाय खुर्चीखाली होते.

मी मान वळवली नाही. स्क्रीनकडे बघत राहिलो, दिवसभर, फार काम असल्यासारखा. संध्याकाळी कमांड संपली, आकडा शून्य आला, आणि धाकटीला निरोप गेला: आज सगळं ठीक.